आजारी माणूस प्रथम कोणाकडे जातो?

(ज्युबिली सोहळ्यात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी दुखण्याखुपण्याचा विषय कोणास अस्थानी वाटेल. परंतु धर्मगुरूच्या दारी येणाऱ्या कित्येकांच्या मनात आधी दुखणे असते, प्रार्थनेची विनंती त्यामागून येते. म्हणून आज एकाच प्रश्नाचा विचार करू. माणूस आजारी पडला म्हणजे प्रथम कोणाकडे जातो, आणि का?

पनवेलला औषध नवे नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली येथेच 'श्री धूतपापेश्वर' हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला व या गावाचे नाव औषधांबरोबर दूरवर गेले. आज येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावरील मोठी संस्था आहे. तथापि गावात औषध असणे ही एक गोष्ट, आणि रोग्याने वेळेवर तेथे पोहोचणे ही दुसरी. या दोहोंमधील वाट पुष्कळदा घरच्या उंबरठ्यावरच अडते.

आपल्याच रायगड जिल्ह्यातील उदाहरण घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे दगावत. दरदरून घाम सुटे, हातपाय गार पडत, हृदय दुबळे होई व फुप्फुसांत पाणी भरे. डॉक्टरांनी रोग्यांच्या उशाशी बसून ही लक्षणे टिपली. त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे रक्तदाबावरील 'प्राझोसिन' ही साधी गोळी या विषाच्या परिणामांवर गुणकारी ठरली. गंभीर लक्षणे झालेल्या १०० रोग्यांपैकी पूर्वी २५ ते ३० जण दगावत. ते प्रमाण ४ च्याही खाली आले. डॉक्टरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

परंतु गोळी कितीही गुणाची असली, तरी पहिले काही तास मांत्रिकाच्या ओटीवर गेले म्हणजे तिचा काय उपयोग? आणि माणसे तेथे जात ती केवळ अडाणीपणाने, असे समजू नका. पुष्कळ विंचू फारसे विषारी नसतात; त्यांची वेदना आपोआप उतरते आणि श्रेय मंत्राला मिळते. शिवाय मांत्रिक जवळ राहतो, मध्यरात्री दार उघडतो, आधी पैसे मागत नाही, आणि "इतका उशीर का केला?" म्हणून खेकसत नाही. दुखणाईत माणूस औषधाच्या आधी आपुलकी शोधतो. ती चुकीच्या ठिकाणी मिळाली, तर तो चुकीच्या ठिकाणी जातो.

दुसरा अडसर लाजेचा. कुष्ठरोगाचा बधिर चट्टा दुखत नाही, म्हणून तो झाकता येतो. आणि झाकावासा वाटतो, कारण समाजाचे भय असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली या रोगावर अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचविला. तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो व सहा महिने ते वर्षभरात पुरा होतो. तरीही आपल्या देशातील काही विवाहकायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ सालापर्यंत टिकून होते! ज्या घरातून बाहेर काढले जाण्याची भीती, त्या घरात कोणती सून आपला चट्टा दाखवील? आपल्या तालुक्यात नेरे येथे कुष्ठरोग्यांसाठी शांतिवन उभे राहिले, ते अशा दुरावलेल्या माणसांना ठाव मिळावा म्हणूनच.

कोणी म्हणेल, फादर, आम्ही प्रार्थना करतो, ती पुरेशी नाही काय? प्रार्थना अवश्य करा. परंतु तिला वैद्याची सवत करू नका. सिराच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखण्याचाच उपदेश आहे. उलट, धर्मगुरूला बोलावण्यातही हीच दिरंगाई होते. 'फादर आले म्हणजे सारे संपले' या भीतीने कुटुंबे थांबतात. हा संस्कार केवळ मरणाऱ्यांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्ट केले. म्हणून 'अंत्याभ्यंग' याऐवजी 'आजाऱ्यांचा अभ्यंग' म्हणणेच योग्य. डॉक्टर असो वा धर्मगुरू, दोघांनाही वेळेवर बोलवा.

तात्पर्य, बंधुभगिनींनो, आजारी माणूस प्रथम डॉक्टरांकडे जात नाही. तो प्रथम तुमच्याकडे येतो. शेजारीण विहिरीवर किंवा नळावर हळूच विचारते, भाऊ जेवताना सहज बोलून जातो. त्या क्षणी तीन गोष्टी करा. ऐकून घ्या, पण रागावू नका. ऐकलेले चार घरी सांगू नका. आणि "जा दवाखान्यात" एवढेच न म्हणता, "चल, मी येते तुझ्याबरोबर" असे म्हणा. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेले एक ओळखीचे माणूस कित्येकांचे भय घालविते. ज्या धर्मग्रामात कोणाही आजाऱ्याला दवाखान्याची पायरी एकट्याने चढावी लागत नाही, त्याचीच ज्युबिली खऱ्या अर्थाने साजरी झाली, असे मी समजेन.

देव तुम्हां सर्वांस आरोग्य देवो.