छेदातील माणसे : जालना जिल्हा आणि सार्वजनिक आरोग्याचे मूलतत्त्व

वैद्य आपल्यापुढे आलेल्या रुग्णाला बरे करतो; सार्वजनिक आरोग्याची यंत्रणा मात्र जो दवाखान्यापर्यंत पोहोचलाच नाही त्याचाही हिशेब ठेवण्यास बांधलेली असते, कारण तिचा विषय एकेक रोगी नसून संपूर्ण लोकसंख्या हा असतो. या शास्त्रात अपूर्णांकाला औषधाइतके महत्त्व येते ते यामुळेच. बालमृत्युदर म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे वर्षाच्या आत दगावलेली बालके, आणि लसीकरणाचे प्रमाण म्हणजे पात्र बालकांपैकी लस मिळालेली बालके. या अपूर्णांकांच्या अंशाची चर्चा पुष्कळ होते, परंतु छेदात कोण धरला गेला आणि कोण सुटला, हा प्रश्न कारकुनी समजून बाजूला सारला जातो. जालना येथे भरलेल्या या परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्याच प्रश्नाची मांडणी करणे उचित ठरेल.

या क्षेत्राची ध्येये नव्याने शोधावी लागतील अशी स्थिती नाही. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे भोर समितीने 1946 मध्येच लिहून ठेवले. 1948 मध्ये स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याची व्याख्या रोगाच्या अभावापुरती मर्यादित न ठेवता शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्यापर्यंत नेली. आणि 1978 च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवा, म्हणजे लोकांच्या सहभागाने त्यांच्या वस्तीजवळ मिळणारी आवश्यक सेवा, हा त्या ध्येयाकडे जाण्याचा मार्ग ठरवला. त्या विचारामागे जे प्रत्यक्ष प्रयोग होते, त्यांत रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सुरू केलेला प्रकल्पही होता, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. मात्र या सर्व मांडणीत एक गृहीतक न बोलता शिरलेले आहे, ते म्हणजे माणसे एका जागी राहतात.

सपाट प्रदेशात सुमारे पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि साधारण हजार लोकांमागे एक आशा कार्यकर्ती, असे प्रमाण ठरलेले आहे. 2011 च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवलेल्या जालना जिल्ह्यात हे गणित पावसाळ्यात जुळते आणि दसरा-दिवाळीनंतर बिघडते, कारण मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्या कोयत्याबरोबर जी लहान मुले जातात, त्यांची गणती कोणत्याच करारात नसते.

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकाशी गळिताचा हंगाम ताडून पाहिला, की अडचण कोठे आहे ते स्पष्ट होते. सप्टेंबरच्या मध्यावर जन्मलेल्या बालकाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलेंट लस, म्हणजे पाच रोगांविरुद्धची एकत्रित लस, द्यावयाची असते. यांपैकी पहिली मात्रा गावात मिळाली तरी उरलेल्या दोन्ही मात्रांच्या वेळी ते बालक उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असते. एप्रिलमध्ये जन्मलेल्या बालकाची गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ऐन जानेवारीत येते. गोवर इतक्या वेगाने पसरतो, की त्याला रोखण्यासाठी सुमारे पंच्याण्णव टक्के मुले संरक्षित असावी लागतात, आणि न मोजलेली मुले एकाच तळावर एकत्र राहत असली, तर जिल्ह्याची सरासरी कितीही चांगली असली तरी तिचा तेथे उपयोग होत नाही. गावच्या नोंदवहीत अशा बालकापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून ते छेदातून वगळले, की टक्केवारी सुधारते. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राच्या यादीत ते मुळात नसतेच. बालक दोन्हीकडे सुटते आणि दोन्ही अहवाल निर्दोष राहतात. एखाद्या अधिकाऱ्याच्या आळसापेक्षा हे रचनेचे फळ अधिक आहे.

स्त्रियांच्या बाबतीत या रचनेची किंमत अधिक क्रूर आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या तरुण स्त्रियांमध्ये पिशवी काढण्याच्या, म्हणजे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकण्याच्या, प्रकारांनी 2019 मध्ये राज्य हादरले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, कारण त्याचा दंड कापला जातो. फडावर शौचालय व पुरेसे पाणी नसते. साध्या संसर्गावर वेळेवर उपचार मिळत नाहीत आणि शेवटी शस्त्रक्रिया हाच उपाय म्हणून पुढे येतो. आरोग्याचे सामाजिक निर्धारक, म्हणजे मजुरी, पाणी, निवारा, कर्ज यांसारखी रोगाला जन्म देणारी परिस्थिती, ही संज्ञा पाठ्यपुस्तकात फार सौम्य वाटते. येथे तिचा अर्थ उचल हा आहे.

जालना केवळ माणसे पाठवणारा जिल्हा नाही. येथील पोलाद उद्योग परप्रांतीय मजुरांच्या बळावर उभा आहे, आणि अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठी साखर कारखानेही असल्यामुळे पाठवणी आणि आगमन एकाच जिल्ह्यात घडते. 8 मे 2020 रोजी टाळेबंदीच्या काळात जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघालेले 16 मजूर करमाडजवळ रेल्वेरुळांवर मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. घरी थांबा, हा साथ रोखण्याचा शास्त्रशुद्ध उपाय ज्यांना परक्या गावात ना रोजगार उरला होता ना घर होते, त्यांचा विचार न करता लागू झाला. जागतिक आरोग्य ही संकल्पना सीमा न मानणाऱ्या रोगांना सीमा मानणाऱ्या यंत्रणांनी कसे तोंड द्यावे, या पेचातून वाढली. 2005 चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम देशांना साथीची खबर जागतिक आरोग्य संघटनेला देण्यास बांधून घेतात. खबर देण्याचे जे बंधन राष्ट्रांनी मान्य केले, ते मंठा तालुका आणि कोल्हापूर जिल्हा यांच्यामध्ये नसावे, हे चमत्कारिक आहे.

सरकारी नोंदी अपुऱ्या असतात हे दाखवण्याचे काम महाराष्ट्रात पूर्वी झालेले आहे: अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या 2001 च्या अहवालाने घरोघर मोजणी करून बालमृत्यूंची खरी संख्या नोंदींपेक्षा पुष्कळ मोठी असल्याचे पुढे आणले आणि शासनाला मूल्यमापन समिती नेमावी लागली. स्थलांतरितांसाठी अशी मोजणी त्याहून सोपी आहे, कारण मुकादमाला उचल कोणी दिली आणि टोळी कोणत्या कारखान्यावर गेली, याचा चोख हिशेब कारखान्याच्या शेतकी विभागात असतो. तो हिशेब दसऱ्यापूर्वी दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांकडे देणे हंगामी गळीत परवान्याची अट व्हावी, टोळीबरोबर माता-बाल संरक्षण कार्डांची यादी जावी आणि तळावरील लसीकरण सत्राचा खर्च गाळप होणाऱ्या उसाच्या टनामागे आकारला जावा, असा ठराव या परिषदेने आरोग्य विभागाबरोबरच साखर आयुक्तालयाकडेही पाठवावा.