वाळल्या पानावरील बुरशीचें बारसें



आपल्या विदर्भांतील सागवन उन्हाळ्यांत पानें झाडून मोकळें होतें, आणि तो पाचोळा पावसाळा लागतांच काळवंडून हळूहळू मातींत मिळून जातो. हें काम मुख्यत्वेंकरून बुरशींचें. आजवर सुमारें १,५०,००० बुरशींना नांवें मिळालीं आहेत. २०१७ सालच्या एका अंदाजाप्रमाणें पृथ्वीवर त्यांच्या २२ ते ३८ लक्ष जाति असाव्यात. म्हणजे दहांतील एकीचेंहि बारसें झालेलें नाहीं !

हें बारसें व्हावयाचें कसें ? वाळकें पान ओल्या टीपकागदावर कांचेच्या झांकणाखालीं कांहीं दिवस ठेवितात. त्यावर काळसर लव उगवली कीं तिचा अंश सुईनें उचलून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. बीजाणु एकेकटा येतो कीं माळेनें, टोंकाशीं फुटतो कीं कुपीसारख्या पेशीच्या तोंडांतून बाहेर पडतो, त्यांत पडदे किती, हें सारें पाहून मिलिमीटरच्या सहस्रांशांत मोजमाप घेतात व चित्र काढितात. परंतु दोन परकीं कुळें सारख्याच रूपाचे बीजाणु धारण करूं शकतात. यास्तव आतां डी. एन. ए.चीहि साक्ष काढितात. वेगळें रूप दिसलें कीं नवी जाति सांपडली, असें मात्र नव्हे. जुने ग्रंथ चाळतां ती पूर्वींच कोणी वर्णिलेली निघूं शकते.

नांवाचा नियम मोठा कडक. १९३५ पासून २०११ अखेर वर्णन लॅटिनमध्येंच देणें भाग होतें. २०१२ पासून इंग्रजीहि चालतें. आणि २०१३ पासून मान्य नोंदणीच्या क्रमांकावांचून नवें नांव ग्राह्यच नाहीं. तथापि नांव संस्कृतांतून घेतां येतें, याचा आमच्यासारख्या जुन्या मास्तरास आनंद वाटतो. मद्रासचे सी. व्ही. सुब्रमणियन यांनीं १९५३ सालीं एका वंशास ‘कूर्चलोम’ म्हटलें. पुढें ‘कुटिलकेश’ आलें. नियमाच्या दृष्टीनें हींहि लॅटिनच समजावयाचीं, ही गंमत वेगळीच !

याहून महत्त्वाचा तो प्रमाण-नमुना. ज्या पानावरून बुरशीचें वर्णन केलें, त्याचा वाळविलेला तुकडा पाकिटांत घालून संग्रहालयांत ठेवितात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत अजरेकर यांच्या नांवाचा असा संग्रह आहे. जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहहि तेथेंच आहे. पन्नास वर्षांनीं कोणास शंका आली, तर निवाडा त्या तुकड्यावर व्हावयाचा. तो हरवला कीं नांव उरतें, पण मुख्य साक्षीदार नाहींसा होतो.

इकडे रानांत मोहाचीं फुलें वेंचणें सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची चाल आहे. पोटासाठीं वेंचणाऱ्यास दोष देववत नाहीं. पण त्या आगींत बिननांवाचें काय जळालें, याची नोंद कोठेंच होत नाहीं. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस म्हणून एवढेंच सांगतों : सहलीस जाल तेव्हां, जेथें मुभा असेल तेथून, दहा-वीस वाळकीं पानें कागदी पाकिटांत आणा. प्लॅस्टिकच्या पिशवींत नकोत. तींत ओल कोंडून भलतीच बुरशी माजते. पाकिटावर झाडाचें नांव, ठिकाण व तारीख तेथल्या तेथें लिहा, आणि आपल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या हातीं द्या.