पाळणाघराची निवड
(नोकरी करणाऱ्या महिलांच्या मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी हा विषय सुचविला तेव्हा मी काहीसा संकोचलो. याविषयी बोलण्याचा खरा अधिकार ज्यांचा, त्या माता समोरच बसल्या आहेत. माझा अधिकार एवढाच, की ही निवड करताना मी एकदा चुकलो आहे.

कायद्याने या बाबतीत बरीच वाटचाल केली आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावर राबणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी एका तंबूत पाळणाघर थाटले. 'मोबाइल क्रेशेस' या नावाने ते कार्य पुढे मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि मातेला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असेही ठरले. मात्र कोणत्या दारातून बाळाला आत न्यावे, हे कायदा सांगत नाही. ते आपणच पाहावयाचे असते.

माहितीपत्रके लिहिणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तरीही आमच्या सहा महिन्यांच्या मुलीसाठी पाळणाघर शोधताना मी एका माहितीपत्रकावरच विसंबलो. भिंतींवर रंगविलेले ससे होते, तासातासाचे वेळापत्रक होते, कॅमेरे होते. सकाळी अकराच्या सुमारास सर्व कसे लख्ख दिसले. मी पैसे भरून आलो.

दुसऱ्या महिन्यात एक दौरा रद्द झाला आणि मी दुपारी तीन वाजता अवचित तेथे गेलो. एका खोलीत नऊ तान्ही मुले आणि त्यांच्यापाशी एकच, जेमतेम अठरा वर्षांची मुलगी. ती वाईट होती असे मी म्हणणार नाही. एका बाळाला मांडीवर घेऊन ती दूध पाजीत होती आणि दुसऱ्याचा पाळणा पायाने हलवीत होती. आमची कन्या ओल्या लंगोटात पडून छताकडे पाहत होती. ती रडत नव्हती. ते न रडणे मला अद्याप विसरता आलेले नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की भिंती पाहण्यापूर्वी हात मोजा. वर्षाच्या आतील तीन-चार बाळांहून अधिक बाळे एका बाईला नीट सांभाळता येतील, असे मला वाटत नाही. ही बाई येथे किती दिवस टिकून आहे, ती रजेवर गेली तर कोण येते, हेही विचारा. बाळ ओळखते ते माणसाला, संस्थेला नव्हे. भेटीला जा ते दुपारी किंवा संध्याकाळी सहाला, सारी मंडळी थकलेली असताना. आयत्या वेळी आत येऊ देण्यास जेथे खळखळ होते, तेथून सरळ परत या.

बाळाला उताणे निजवतात का, त्याच्या अंगावर जड पांघरूण वा डोक्याशी उशी ठेवतात का, हे पाहा. काढून ठेवलेले आईचे दूध बाहेर चार तासांहून अधिक ठेवू नये; तेव्हा तेथे फ्रीज आहे काय, आणि वाटी-चमचा उकळतात काय, हेही पाहा. न्हाणीघरात भरलेली बादली उघडी असेल तर रांगत्या मुलाला ती विहिरीइतकीच घातक. मुलाला कोणाच्या हाती द्यावयाचे, याची नोंद हवी. कॅमेऱ्याचा भरवसा मात्र बेताचाच धरा. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्याने टिपली. ती थांबविणे त्याच्या हाती नव्हते.

आम्ही नंतर शोधले ते एका वृद्ध बाईंचे घर. दोन खोल्या, पाच मुले, मदतीला सून. भिंतीवर एक दिनदर्शिका. आम्ही काही विचारण्यापूर्वी त्यांनीच विचारले, "झोप आली की ही काय करते? कान ओढते का?" पैशांची गोष्ट अगदी शेवटी निघाली.

आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास मुले परक्या-आपल्यांतला भेद जाणू लागतात आणि आई-बाप दूर होताच आकांत करतात. आमचीही करू लागली. पाळणाघरच चुकले, असे पुन्हा माझ्या मनात आले. मी मुलीची नजर चुकवून सटकू लागलो, तेव्हा त्या बाई रागावल्या. "लपून जाऊ नका हो. उद्या ती तुम्हाला डोळ्यांआड होऊच देणार नाही. सांगून जा, रडली तरी चालेल."

तेव्हापासून दाराशी उभा राहून, तिला दिसेल असा हात हलवून मी निघू लागलो. जिन्याच्या वळणापर्यंत रडणे ऐकू येई. खाली पायरीशी मी थांबे. आवाज निवला, की मग कचेरीची वाट धरी.