लाचलुचपतीची मापे

(सुरत येथे मराठी भाषिक नागरिक व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या या सुरत शहरात कापड मीटरने मोजतात, हिरा कॅरेटमध्ये तोलतात. वजनाविषयी शंका आली तर दुसऱ्या काट्यावर पडताळून पाहता येते. परंतु सरकारी कचेरीतील लाच कोणत्या काट्यावर तोलावी? देणारा ती सांगत नाही आणि घेणारा तिची पावती देत नाही. असे असूनही देशोदेशींच्या भ्रष्टाचाराची तुलना दरवर्षी प्रसिद्ध होते. ती कशी केली जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले माप मताचे. बर्लिन येथे १९९३ साली स्थापन झालेली ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था १९९५ पासून असा निर्देशांक काढीत आहे. २०१२ पासून त्यात शून्य ते शंभर गुण देतात. शंभर म्हणजे अत्यंत स्वच्छ कारभार. २०२४ च्या निर्देशांकात डेन्मार्कला ९० गुण होते. भारताला ३८ गुण मिळून १८० देशांत ९६ वा क्रमांक लाभला. मात्र ही मते तज्ज्ञांची व व्यावसायिकांची असतात. तलाठ्याच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कोणी विचारलेले नसते. शिवाय आदल्या वर्षी भारताचे गुण ३९ होते. एका गुणाच्या अशा फरकावरून कारभार सुधारला किंवा बिघडला असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

दुसरे माप अनुभवाचे. गेल्या वर्षभरात सरकारी कामासाठी लाच द्यावी लागली काय, असे प्रत्यक्ष नागरिकांना विचारले जाते. याच संस्थेने २०२० साली आशियातील १७ देशांची पाहणी प्रसिद्ध केली. भारतात सार्वजनिक सेवा घेणाऱ्या दर शंभरांपैकी ३९ जणांनी होकार दिला. त्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते.

तिसरे माप नोंदलेल्या गुन्ह्यांचे. या नोंदींत महाराष्ट्र अनेक वर्षे देशात आघाडीवर राहिला. परंतु जेथे गुन्हे अधिक नोंदले जातात तेथेच लाच अधिक, असे म्हणता येत नाही. जेथे तक्रार करण्यास माणूस धजत नाही, तेथील नोंदवही कोरीच राहते.

तात्पर्य, तिन्ही मापे उपयुक्त असली तरी एकटे कोणतेही पुरेसे नाही. आणि त्यांपैकी तिसऱ्याचा खरेपणा सर्वस्वी आपल्या धैर्यावर अवलंबून आहे.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे खानदेशातून येथे आली. मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठी अनेकदा धुळे, नंदुरबार वा जळगाव जिल्ह्यातील कचेरी गाठावी लागते. गावी एक फेरी म्हणजे कारखान्यातील रोजावर पाणी. अशा वेळी चार पैसे देऊन मोकळे व्हावे, असे वाटणे अस्वाभाविक नाही. पण त्याच क्षणी पुढच्या अर्जदाराचाही दर ठरून जातो.

यावर कायद्याने मार्ग दिला आहे. गुजरातेत २०१३ च्या व महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यान्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास आहे. मुदत टळल्यास अपील करता येते. यास्तव अर्जाची तारखेसह पोच अवश्य घ्यावी. लाच मागितल्यास दोन्ही राज्यांत १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक खात्यास कळवावे. २०१८ च्या दुरुस्तीनुसार लाच देणारादेखील अपराधी ठरतो. मात्र देणे भाग पाडले गेले असेल व सात दिवसांच्या आत तक्रार केली, तर त्यास कायद्याचे संरक्षण आहे.

शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना अर्ज लिहून द्या आणि पोचेवरील तारीख वाचून दाखवा. बर्लिनचा निर्देशांक आपल्या हाती नाही. ती तारीख मात्र आपल्या हाती आहे. ती जपून ठेवणे हीच सुधारणेची सुरुवात होय.