नेम आणि नियम : दोन दिवसांचे नेमबाजी शिबिर आणि त्यानंतर

बंदूक हा शब्द उच्चारला की ग्रामीण भागातील पालकांच्या मनात प्रथम भीती उभी राहते. ही भीती अस्थानी आहे असे मुळीच नाही. परंतु त्याच बंदुकीच्या एका सौम्य प्रकाराच्या साह्याने, शनिवार-रविवारच्या सुट्टीत, परवानाधारक रायफल क्लबच्या आवारात जी प्रशिक्षण शिबिरे भरतात, त्यांत मुलामुलींना नेमके काय शिकविले जाते याची माहिती शिक्षक, सरपंच आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांना असणे अगत्याचे आहे. कारण अशा शिबिरात मुलाला पाठवावे की नाही, हा प्रश्न पालक बहुधा गुरुजींना किंवा सरपंचांनाच विचारतात.

महाराष्ट्राचा या खेळाशी असलेला संबंध जुना आहे. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना झाली. राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता ठरविणारी अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे एन.सी.सी.च्या माध्यमातून रायफल हाती घेतलेल्या मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे दहा मीटर एअर रायफलचे विश्वविजेते झाले. १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकमध्ये, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

पहिला दिवस : छर्ऱ्याविना

शिबिरास येणाऱ्या मुलांची अपेक्षा असते की, आल्याबरोबर रायफल हाती मिळेल आणि धडाधड नेम मारता येतील. चांगल्या शिबिरात तसे घडत नाही. शनिवारची सकाळ केवळ नियमांत जाते. रायफल भरलेली आहे असे समजूनच ती हाताळावयाची. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेनेच ठेवावयाचे. नेम लागेपर्यंत बोट चापावर न्यावयाचे नाही. आणि प्रशिक्षकाचा हुकूम झाल्याखेरीज रायफल भरावयाची नाही. ‘थांबा’ हा हुकूम मात्र कोणीही देऊ शकतो, अगदी वयाने सर्वांत लहान असलेले मूलसुद्धा. तो ऐकताच सर्वांनी थांबावयाचे असते. रायफली रिकाम्या करून, त्यांच्या नळीत भडक रंगाची दोरी घातलेली दिसल्यावाचून एकही व्यक्ती नेमरेषेच्या पुढे पाऊल टाकीत नाही.

छर्रे शिशाचे असतात. म्हणून नेमरेषेवर खाणेपिणे वर्ज्य असते आणि सराव संपल्यावर साबणाने हात धुणे हाही नियमच असतो. डोळ्यांच्या रक्षणासाठी चष्मा लागतो, आणि पॉइंट बावीसच्या रायफलीचा सराव असेल तर कानांचे संरक्षणही आवश्यक ठरते. या गोष्टी किरकोळ वाटतात. परंतु क्लब चांगला की वाईट हे त्यांवरूनच ओळखावे. जेथे पहिल्या तासातच मुलांच्या हाती भरलेली रायफल दिली जाते, तेथे आपल्या शाळेचे मूल पाठवू नये.

दुपारी उभे राहण्याचा अभ्यास सुरू होतो. स्पर्धेतील एअर रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. एवढे ओझे दंडाच्या जोरावर पेलू लागल्यास काही क्षणांतच हात थरथरू लागतो. म्हणून उजव्या हाताने नेम धरणारा नेमबाज डावे कोपर कंबरेच्या हाडावर टेकवितो आणि रायफलीचा भार हाडांच्या आधाराने जमिनीकडे उतरवितो. त्यानंतरची कसोटी मोठी उद्बोधक आहे. नेम धरून डोळे मिटावयाचे, दोन-तीन संथ श्वास घ्यावयाचे आणि डोळे उघडून पाहावयाचे. रायफल लक्ष्यापासून बाजूला गेलेली दिसली, तर ती हाताने ओढून आणावयाची नसते. पाय किंचित सरकवून सबंध शरीरच वळवावयाचे असते. बळाने साधलेला नेम चाप दाबताक्षणी पुन्हा मूळ जागी परततो, हे मुलांना येथे स्वानुभवाने कळते.

दुसरा दिवस : लक्ष्याची कहाणी

रविवारी लक्ष्याशी गाठ पडते. दहा मीटरवरील एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो. साडेचार मिलिमीटरचा छर्रा त्या ठिपक्याला नुसता स्पर्शून गेला तरी दहा गुण मिळतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत असे ६० नेम ७५ मिनिटांत मारावे लागतात.

अर्जुनाला पक्ष्याचा केवळ डोळाच दिसत होता, ही कथा आपल्याकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. रायफलीच्या नेमबाजीत मात्र मुलाला थोडे निराळे शिकावे लागते. डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून पाहताना नळीच्या टोकावरील कडे स्वच्छ दिसले पाहिजे, आणि त्या कड्यात असलेले दूरचे काळे वर्तुळ किंचित अंधुक दिसले तरी चालते. मानवी डोळा जवळचे आणि दूरचे एकाच वेळी सारखे स्पष्ट पाहू शकत नाही. म्हणून नेमबाज हाताजवळच्या साधनावर लक्ष एकवटतो. श्वास सोडल्यानंतरच्या नैसर्गिक विरामात चाप सरळ मागे, हळूहळू दाबला जातो. सहा-आठ सेकंदांत नेम जमला नाही तर रायफल खाली घ्यावयाची आणि पुन्हा आरंभ करावयाचा. नेम सोडून देण्याचा हा धीर अंगी बाणविणे सर्वांत कठीण असते.

त्यानंतर पाच छर्रे मारून कागद जवळ आणला जातो. पाचही छिद्रे मध्यापासून दूर, परंतु एकमेकांस लागून पडली असतील, तर प्रशिक्षक समाधान व्यक्त करतो. नेमबाज स्थिर आहे, केवळ नेमाचे साधन फिरवून जुळवावयाचे आहे, असा त्याचा अर्थ असतो. याउलट, एक छिद्र अगदी मध्यावर आणि उरलेली चार इतस्ततः विखुरलेली असतील, तर तो मध्यावरचा नेम योगायोगाचा समजला जातो. विद्यार्थ्याचे गुणपत्रक पाहणाऱ्या शिक्षकाने किंवा योजनेचे फलित तपासणाऱ्या अधिकाऱ्यानेही मनन करावे असा हा धडा आहे. कागद कोणाची भीड ठेवीत नाही. मुलाने आपले पाचही नेम स्वतःच्या वहीत तारखेसह नोंदवावयाचे असतात. वाईट नेम गाळून चालत नाही.

कायदा आणि जबाबदारी

शस्त्रांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. ठरवून दिलेल्या मर्यादेतील शक्तीच्या, साडेचार मिलिमीटर नळीच्या एअर रायफलीस परवाना लागत नाही. पॉइंट बावीसच्या रायफलीस तो लागतो. मात्र परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल हे खेळणे ठरत नाही. तिच्या छर्ऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. पक्ष्यांवर किंवा अंगणातील डब्यांवर नेम धरणाऱ्या मुलास वेळीच रोखणे हे गावाचे कर्तव्य आहे. विवाहसमारंभात किंवा मिरवणुकीत आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ च्या सुधारणेनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे. शिबिरात दोन दिवस ‘थांबा’ हा हुकूम पाळलेला तरुण अशा मिरवणुकीत उभा असेल, तर तो पहिला आवाज उठवील, अशी आशा बाळगता येते.

सोमवारचे काय?

दोन दिवसांत कोणीही नेमबाज होत नाही. शिबिरातून मिळतो तो सुरक्षित हात आणि स्वतःच्या चुकीकडे पाहण्याची सवय. खरा प्रश्न सोमवारी सकाळी उपस्थित होतो. शिबिरात आवड निर्माण झालेली मुलगी घरी परतते. क्लब जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. साहित्य महाग असते. आणि परीक्षेचे दिवस जवळ आलेले असतात. येथेच अनेकांचा नेम कायमचा सुटतो.

स्वप्निल कुसाळे यांना पदक मिळाले तेव्हा त्यांचे वडील शिक्षक आणि आई गावच्या सरपंच होत्या, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. २००९ साली त्यांनी राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश घेतला, पुढे नेमबाजीचे शिक्षण सुरू केले आणि ऑलिंपिक पदक आले ते २०२४ साली. मधल्या पंधरा वर्षांत कुटुंबाचा विश्वास, शासनाची योजना आणि रेल्वेची नोकरी हे तिन्ही आधार पाठीशी होते. प्रत्येक मूल पदक मिळविणार नाही, हे उघड आहे. परंतु आधारावाचून एकही मूल तेथवर पोहोचणार नाही, हेही तितकेच उघड आहे.

आपल्या हाती असलेल्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. मुलांना पाठविण्यापूर्वी शिक्षकाने एक दिवस स्वतः क्लबमध्ये जाऊन तेथील शिस्त पाहावी. क्लब परवानाधारक आणि जिल्हा संघटनेशी संलग्न असल्याची खात्री करून घ्यावी. मुलींची नावे आरंभीच यादीत असावीत. शिबिरानंतर महिन्यातून एकदा तरी मुलांना क्लबपर्यंत नेण्याची सोय गावाने करावी. रायफल घरी नसली तरी उभे राहण्याचा, श्वासाचा आणि स्थिरतेचा सराव शाळेच्या व्हरांड्यातही करता येतो. त्याची वही शिक्षकाने पाहावी. ज्या गावात नेमासाठी दहा मीटर अंतर मोकळे राहील अशी लांब बंदिस्त खोली असेल, लक्ष्यामागे भक्कम भिंत असेल आणि नेमाच्या मार्गात उघडणारे दार नसेल, तेथे प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली कायमचे सराव केंद्र उभारण्याचा विचार जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने अवश्य करावा.

नेमबाजीत छर्रा सुटल्यानंतरही रायफल क्षणभर तशीच स्थिर धरावी लागते; ती लगेच खाली घेतल्यास नेम बिघडतो. शिबिर संपल्यावर गावाने, शाळेने आणि शासनाच्या यंत्रणेने मुलांच्या पाठीशी तसेच स्थिर उभे राहणे अगत्याचे आहे.