समुद्राची आठवण

‘यंदा थंडीच पडली नाही’ असे एका वर्षी म्हणायचे आणि पुढच्या वर्षी ‘थंडीने कहर केला’ असे म्हणायचे, ही आपली जुनी सवय. युरोपातली माणसेही हेच बोलतात. तिथल्या हिवाळ्याच्या या लहरीपणाला नाव मात्र मिळाले, ते आपल्याकडे नोकरी केलेल्या एका साहेबाकडून.

गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. १८९९ साली पाऊस हुकला आणि दुष्काळात लाखो माणसे गेली. पुढे १९०४ साली वॉकर हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. मोसमी पावसाचे भाकीत करायचे, हे त्यांच्यापुढचे काम. त्यासाठी त्यांनी जगभरच्या नोंदी गोळा केल्या आणि इथल्या कारकुनांकडून आकडेमोड करून घेतली. पावसाचे पक्के भाकीत काही हाती आले नाही. पण हवेची मोठमोठी आंदोलने सापडली. त्यांतले एक उत्तर अटलांटिकचे. इथे आंदोलन म्हणजे मोर्चा नव्हे, झोका!

आइसलँडजवळ हवेचा दाब कमी असतो आणि दक्षिणेला अझोर्स बेटांजवळ जास्त. हिवाळ्यात हा फरक वाढला, की पश्चिमेचे वारे समुद्राची ऊब घेऊन जोरात उत्तर युरोपात शिरतात. तो घटला, की वारे मंदावतात आणि पूर्वेचा, उत्तरेचा गारठा आत येतो. २००९-१०च्या हिवाळ्यात ब्रिटन बर्फाने गारठले होते, तेव्हा ग्रीनलंड नेहमीपेक्षा उबदार होते. एक पारडे वर, तर दुसरे खाली. एकाची ऊब ती दुसऱ्याची हुडहुडी. ही गोष्ट अठराव्या शतकातल्या एका डॅनिश मिशनऱ्याने ग्रीनलंडच्या रोजनिशीत टिपून ठेवली होती.

हवा चंचल, आजचा वारा तिला पंधरवड्यानंतर आठवत नाही. समुद्राचे तसे नाही. हिवाळ्यातली वादळे पाणी खोलवर घुसळतात. उन्हाळ्यात वर कोमट पाण्याचा पातळ थर बसतो आणि गेल्या हिवाळ्याची ऊब किंवा गारठा त्याच्याखाली दडून राहतो. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा घुसळण झाली, की तो वर येतो. मनात दडपलेले दुःख असेच वर येते, हे कवीला वेगळे सांगायला नको.

याचा आपल्याशी संबंध काय? पंजाबातल्या गव्हाला हिवाळी पाऊस आणि हिमालयाला बर्फ देणारे पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राच्या बाजूनेच येतात. त्यांच्यावरही या झोक्याचा परिणाम होतो, असे अभ्यासक सांगतात.

२०१४ साली ब्रिटनच्या हवामान शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की येत्या हिवाळ्यात झोका कुठे झुकेल, याचा अंदाज काही महिने आधी बऱ्यापैकी बांधता येतो. अंदाजच तो, चुकेलही. पण रस्त्यांसाठी मीठ साठवणाऱ्याला आणि घर उबदार ठेवण्यासाठी पैसे बाजूला काढणाऱ्या म्हाताऱ्याला तेवढाही आधार मोठा असतो. आणि त्या आधाराचा काही भाग समुद्राच्या आठवणीतून येतो.