परसातला लिंब वाळला, आता काय?



या आठवड्यात बाळापूरहून एक व्हॉइस नोट आली. आवाजावरून पोरगा विशीतला वाटतो. तो म्हणतो, "भाऊ, आमच्या घरामांगं लिंब हाये, आज्यानं लावलेला. दोन वर्सं झाले, एक पान नाही फुटलं. बाबा म्हणतात तोडू. आजी म्हणते, लिंबाले कुऱ्हाड नाही लावू देनार. अन् शेजारचे काका म्हणतात, तोडला त दंड होईन. मी काय करू?"

वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे लिंब म्हणजे कडुनिंब. सरबताचं ते लिंबू.

मी सरळ सांगतो. मला आजीचं पटतं, पण या वेळी मी बाबांच्या बाजूनं आहे. कारण सांगायला लांब जावं लागत नाही. बाळापूर तालुक्यातच पारस आहे. 9 एप्रिल 2023, रविवारची संध्याकाळ. बाबूजी महाराज संस्थानात लोक जमलेले. वादळ आलं, पाऊस आला, म्हणून माणसं टिनाच्या शेडखाली थांबली. शेजारचा जुना, शंभर वर्षांचा म्हणून बातम्यांत आलेला लिंब मुळासकट त्या शेडवर कोसळला. सात माणसं गेली. वाऱ्यापावसापासून वाचायला जिथं उभी राहिली, तिथंच. तो लिंब मेलेला होता असं मी म्हणत नाही. पण मोठं झाड पडताना खाली कोण आहे ते पाहत नाही, आणि वाळलेल्या झाडाची मुळं तर आत कुजत असतात. आपल्याकडचं अवकाळी वादळ मार्च-एप्रिलमध्येच येतं. दोन वर्षं वाळून उभं असलेलं झाड आणखी एका उन्हाळ्यावर टाकू नका.

पण थांबा. कुऱ्हाड उचलायच्या आधी ते खरंच मेलं का, ते बघा. कारण लिंब फसवतो. पानगळीत तो काही दिवस बोडका होतोच. शिवाय शेंडे वाळण्याचा एक बुरशीजन्य रोग आहे. गेल्या काही वर्षांत तेलंगणात लाखो लिंब त्यानं करपल्यासारखे दिसले. लोक घाबरले, आणि पुढं त्यातल्या बऱ्याच झाडांना पुन्हा पालवी आली. तेव्हा एका फांदीवरून निकाल देऊ नका. नखानं किंवा चाकूनं साल खरवडा. आत हिरवट, ओलसर असेल तर जीव आहे. तपकिरी, कोरडं असेल तर दुसरी फांदी बघा, मग तिसरी, मग थेट बुंध्याजवळ. सगळीकडे कोरडं, साल आपोआप सुटतेय, बुंध्यावर ठोकलं तर पोकळ आवाज येतोय, तर विषय संपला. या भावाच्या झाडाला दोन पावसाळ्यांत पान नाही, म्हणजे आशा जवळपास नाहीच. तरी खरवडून बघ रे बाबा, आजीला दाखवायला उपयोगी पडेल.

आता दंडाचं. शेजारचे काका अर्धे बरोबर आहेत. महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा आहे. झाड तुमच्या मालकीच्या जागेत असलं, तुमच्या आज्यानं लावलेलं असलं, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज करायचा तो नगरपरिषदेकडे, वृक्ष अधिकाऱ्याच्या नावानं. पण मेलेलं, रोगट किंवा जिवाला धोका असलेलं झाड कायदा वेगळं धरतो. म्हणून अर्जात "झाड तोडायचे आहे" एवढंच लिहू नका. "झाड वाळलेले असून घरावर पडण्याचा धोका आहे" असं लिहा. सोबत फोटो जोडा: पूर्ण झाड, बुंधा, आणि झाडापासून घराची भिंत किती जवळ आहे ते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसकट. पोच नाही तर अर्ज नाही, असंच समजा. झाड पाहायला माणूस येईल, झाडावर नोटीस चिकटवली जाईल, तेवढा धीर धरा.

शहराची हद्द संपली की वेगळा कायदा, 1964 चा. त्यात सागवान, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी ठरलेली झाडं आहेत. लिंब त्या यादीत नाही. पण म्हणून कोणालाच न विचारता आरा चालवू नका.

अकोला-अमरावतीकडे नवीन ले-आऊटमध्ये राहणाऱ्यांनी इकडे कान द्या. तुमच्या खरेदीखतात किंवा सोसायटीच्या नियमांत झाडांबद्दल अट असू शकते, कंपाउंडला लागून काय लावायचं, काय नाही. ती पाळा. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला म्हणजे झाड तोडायची परवानगी मिळाली, असं होत नाही. उलटंही खरं आहे. नगरपरिषदेचा कागद हातात आला म्हणजे ले-आऊटच्या मोकळ्या जागेतलं सामायिक झाड एकट्यानं तोडावं, असंही नाही. दोन्ही कागद लागतात. बहुतेक भांडणं इथंच पेटतात.

तोडताना एकच सांगतो: वाळलेल्या झाडावर चढू नका. फांदी जिवंत असली तर वाकते, वाळलेली कडकन मोडते. अनुभवी माणूस बोलवा, तारा जवळ असतील तर महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या. आणि ढोलीत आधी डोकावा. पिंगळे, पोपट अशा ढोलीतच राहतात. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबायची सोय करता येते का बघा. झाड घरापासून लांब असेल तर पुरुषभर उंचीचा बुंधा राहू दिला तरी चालतं, सुतारपक्षी आयुष्यभर दुवा देईल!

आता बदली झाड. कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनं तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची अट आणली. तुमच्या परवानगीपत्रात किती आणि कुठं लावायची ते नीट वाचा, सही करून फाईलमध्ये टाकू नका. जुन्या बुंध्याच्या खड्ड्यातच नवीन रोप खुपसू नका, मुळं कुजत असतात तिथं. चार-पाच फूट सरका. आणि भिंतीपासून लांब राहा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यात मोठ्या झाडानं पायाजवळचं पाणी ओढलं की भिंतीला चिरा पडतात. खड्डा मे महिन्यातच करून उन्हात तापू द्या, रोप मृगाचा चांगला पाऊस पडल्यावर लावा. परस मोठं असेल तर लिंबच लावा, नाहीतर करंज. लहान असेल तर सीताफळ, कवठ, बेल. पहिले तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं, अकोल्याचा मे महिना कोणाला सांगायचा!

आणि आजीचं काय? भाऊ, तिच्याशी कायदा बोलू नको. साल खरवडून दाखव. मग नवीन लिंब तिच्याच हातानं लाव, आणि तो रोज पाहता येईल अशा खिडकीसमोर, भिंतीपासून दहा-पंधरा फूट तरी लांब. अर्जाचं काय झालं त्याची व्हॉइस नोट पाठव, पुढच्या भागात वाजवू. चला, येतो जी.